पोट कुठे सापडतं सुईला?

"पोटाचं औषध आहे ना, मग रक्त हातातून कशाला?" हे मी अगदी सहज, वेळ जावा म्हणून विचारलं होतं. सकाळचे पावणेआठ वाजले होते. रात्रीपासून पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं आणि भुकेपेक्षा एक प्रकारची पोकळी जाणवत होती, रिकाम्या घरात आपलाच आवाज मोठा वाटतो तशी. सिस्टर माझ्या डाव्या हाताच्या कोपराच्या खोबणीत शीर शोधत होत्या. दोन बोटांनी टिचक्या मारायच्या, दाबायच्या, सोडायच्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "पोट कुठे सापडतं सुईला?" आणि त्याच दमात सुई आत गेली. शेजारच्या खाटेवरचा मुलगा खळखळून हसला. मीही हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी चिकटपट्टी लावली, नळीवर माझा नंबर तपासला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्नाचं उत्तर देऊन झालं होतं.

माझ्या दृष्टीने मात्र ते तिथेच सुरू झालं.

मी एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवक म्हणून दाखल झालो होतो. ज्येष्ठमधाच्या मुळातला एक घटक, ग्लिसिरायझिन, तोंडावाटे दिल्यावर शरीरात किती शोषला जातो, कधी शोषला जातो, किती वेळ टिकतो, एवढंच मोजायचं होतं. कुणाला बरं करायचं नव्हतं. बरं होण्यासारखं मला काही झालेलंही नव्हतं, आणि तीच तर तिथे येण्याची पात्रता होती. 'जैवउपलब्धता' हा शब्द संमतिपत्रात पहिल्यांदा वाचला. बोजड वाटला, पण दोनतीनदा वाचल्यावर आवडला. औषध आपल्याला उपलब्ध आहे, याचा अर्थ ते कपाटात आहे असा नाही, पोटात गेलं असाही नाही. ते रक्तापर्यंत पोचलं का आणि किती पोचलं, हा सगळा हिशोब त्या एका शब्दात कोंबलेला. संमतिपत्रात आणखी एक वाक्य होतं: कोणत्याही क्षणी, कारण न देता, तुम्ही यातून बाहेर पडू शकता. आयुष्यातल्या इतर कुठल्या कागदावर असं वाक्य वाचल्याचं मला आठवत नाही.

ठीक आठ वाजता एका पेल्यात विरघळवलेला अर्क दिला. आधी काहीच चव नाही. मग, पेला खाली ठेवल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूने गोडी सरकत पुढे आली. साखरेसारखी तोंडावर येऊन आदळणारी नाही. उशिरा येणारी आणि आली की न जाणारी, किंचित लाकडासारखा वास असलेली, शेवटी घशाशी थोडी कडवट. हा घटक साखरेच्या सुमारे ५० पट गोड म्हणतात, पण आकड्यातून तिचा स्वभाव कळत नाही. पाहुण्यांनी उंबऱ्यावर चपला काढण्यात अर्धा तास घालवावा आणि मग आठवडाभर मुक्काम ठोकावा, तशी ती. ज्येष्ठमध या नावातलं 'ज्येष्ठ' हे वडीलधारं नाही, हेही मला तेव्हा खाटेवर पडल्यापडल्या आठवलं. मूळ शब्द यष्टिमधु. यष्टी म्हणजे काठी. गोड काठी. लोकांच्या जिभेवर घोळून काठीची ज्येष्ठ झाली. ग्रीकांनीही तेच केलं, गोड आणि मूळ हे दोन शब्द जोडून नाव ठेवलं, त्यातूनच ग्लिसिरायझिन आलं. दोन्हीकडच्या माणसांनी ते आधी चघळलं असणार, नाव मग सुचलं असणार.

त्यानंतरचा दिवस घड्याळाचा होता. एक तास, दोन तास, चार, सहा, आठ. ठरल्या मिनिटाला सिस्टर यायच्या. हातात बसवलेल्या नळीचं तोंड उघडायचं, पहिलं थोडं रक्त काढून टाकून द्यायचं, मग जांभळ्या टोपणाची नळी भरायची, मग नळी तुंबू नये म्हणून सलाइन आत ढकलायचं. सलाइन गेलं की दंडात गार रेघ उमटायची आणि पुढच्याच क्षणी तोंडात एक चव यायची, ओल्या नाण्यासारखी. हातातून गेलेली गोष्ट जिभेवर कशी येते? शेजारच्या मुलाला विचारलं तर तोही म्हणाला, "येते राव, मला वाटलं मलाच." त्या गोडीच्या मुक्कामात दर थोड्या वेळाने ही धातूची चव डोकावून जायची. भरलेली नळी दोनचारदा हलक्या हाताने उलटीसुलटी करून बर्फात ठेवायची, आणि बर्फाचा तो डबा घेऊन कुणीतरी भरभर निघून जायचं. पुढे ती गरगर फिरवतात, तांबड्या पेशी तळाला बसतात, वर फिकट पिवळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, उरतो, तो छोट्या कुप्यांत भरून शून्याखाली ७० अंश किंवा त्याहूनही थंड जागी जातो. आपल्या अंगातून निघालेलं काही इतक्या थंडीत, केवळ नंबर लावून, आपल्याशिवाय राहतंय, ही कल्पना मला त्या दिवशी उगाचच चाटून गेली.

पण सिस्टरांचं उत्तर. सुईला पोट सापडत नाही हे खरं, मात्र एकदा एका माणसाचं पोट सापडलं होतं. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात, अॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण हमालाला जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमंटने त्याला वाचवलं. जखम भरली, पण विचित्र भरली: डाव्या छातीखाली थेट जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. १८२५ साली बोमंटने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि तासातासाने बाहेर ओढून काय विरघळलं, काय उरलं ते लिहून ठेवलं. एक वाजता. दोन वाजता. तीन वाजता. माझ्या खाटेशी लटकवलेला तक्ता याच जातीचा होता. दोनशेहून जास्त प्रयोग त्याने त्या एका माणसावर केले आणि १८३३ मध्ये ते छापले. सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडतं, अशी नोंदही त्यात आहे. चिडेल नाही तर काय. तो मध्येच घरी निघून जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. शेवटी गेला तो परतलाच नाही. १८८० मध्ये तो वारला तेव्हा घरच्यांनी देह मुद्दाम कुजू दिला आणि नेहमीपेक्षा खोल खड्ड्यात पुरला, कुणा डॉक्टरने पुन्हा उकरून आत डोकावू नये म्हणून. 'कोणत्याही क्षणी, कारण न देता' हे वाक्य त्याच्या कागदावर नव्हतं. मला ते मिळालं, त्यात त्या खोल खड्ड्याचाही थोडा वाटा असावा, असं आपलं मला वाटतं.

मी तिथे गेलो त्याचं खरं कारण बाबा होते. अभ्यासाची माहिती वाचताना 'जठराच्या अस्तराचं रक्षण करणारा' असे शब्द दिसले आणि मी नाव दिलं. बाबांना अल्सर होता. मला कळायला लागलं तेव्हापासून होता, आणि घरात त्याला नाव नव्हतं. रात्री दोनच्या सुमाराला बाबा उठायचे. अंधारात भिंतीचा आधार घेत खिडकीशी यायचे आणि बरगड्यांच्या मधल्या खळग्यात उजव्या हाताची मूठ दाबून उभे राहायचे. दिवा लावायचे नाहीत. मी पांघरुणाच्या फटीतून बघायचो. रस्त्यावरचा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडायचा, आणि तो चेहरा दुखणाऱ्या माणसासारखा नसायचा, काहीतरी ऐकणाऱ्या माणसासारखा असायचा. जणू आतून कुणी हळू आवाजात बोलतंय आणि शब्द नीट लागत नाहीयेत. आई म्हणायची, "जिवाला लावून घेतात प्रत्येक गोष्ट." डॉक्टरही तेच म्हणायचे, जरा सौम्य शब्दांत. काळजी करू नका, संतापू नका. त्यामुळे बाबांच्या दुखण्यात एक अपराधही मिसळलेला होता. पोट दुखतंय म्हणजे आपलाच स्वभाव कुठेतरी वाईट.

मग त्यांच्या पोटात दुर्बीण घातली. घरी आल्यावर दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "त्यांनी आत बघितलं. मला दाखवलं नाही."

पुढे मी कॉलेजात असताना एका नव्या डॉक्टरांनी त्यांना दोन आठवडे प्रतिजैविकं दिली आणि ते दुखणं गेलं. इतकं साधं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी पर्थमध्ये अल्सरमागचा तो वाकडा जंतू शोधून काढून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कुणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये त्या जंतूंचा द्राव स्वतः पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली होती. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझा स्वभाव नव्हता." यावर काय बोलायचं ते मला आजही सुचत नाही. पंचवीस वर्षं एका माणसाने आपला राग गिळला, आणि राग गिळल्याने ते व्हायचं नव्हतं आणि थांबायचंही नव्हतं.

तर जंतू म्हणजे पोटाचे वैरी, अशी माझी ठाम समजूत होती. त्या खाटेवरून घरी आल्यावर मी ग्लिसिरायझिनबद्दल मिळेल ते वाचायला लागलो आणि ही समजूत तिथे अडखळली. ग्लिसिरायझिनचा रेणू मोठा आहे. रेणुभार ८२३च्या आसपास, पाठीवर साखरेसारख्या दोन आम्लांचं ओझं. त्या ओझ्यानेच तो गोड लागतो आणि त्या ओझ्यानेच आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाऊ शकत नाही. जठरातून तसाच जातो, लहान आतड्यातून जवळजवळ तसाच जातो, आणि खाली, जिथे जंतूंची दाट वस्ती आहे तिथे पोचल्यावर ते जंतू आपल्या विकरांनी (एन्झाइम्सनी) ती दोन आम्लं तोडून काढतात. उरतो तो ग्लिसिरेटिक आम्लाचा रेणू, ४७० भाराचा, गोडी हरवलेला, आणि तोच रक्तात शिरतो. जपानमधल्या संशोधकांनी जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना ग्लिसिरायझिन पाजून पाहिलं, तर त्यांच्या रक्तात हा दुसरा रेणू सापडलाच नाही. जंतू नाहीत तर शोषण नाही. म्हणजे सिस्टर माझ्या हातातून जे काढत होत्या, ते मी प्यालोच नव्हतो. मी प्यालो एक. माझ्या पोटातल्या, मी कधी न पाहिलेल्या कोट्यवधी जिवांनी त्याचं दुसरं केलं. आणि मोजलं गेलं ते दुसरं. हे जंतू प्रत्येकाचे वेगळे, त्यांचा वेग वेगळा, पोटातला मुक्काम वेगळा. एकाच पेल्यातला अर्क शेजारच्या मुलाला आणि मला दिला तरी दोघांच्या रक्तात तो एकसारखा पोचणार नव्हता. बाबांना त्या दोन आठवड्यांच्या गोळ्यांच्या काळात हा अर्क दिला असता, तर? वैऱ्याला मारणाऱ्या गोळीने हमालही मारले असते, आणि माल खालच्या धक्क्यावर तसाच पडून राहिला असता.

आणि इथे सिस्टरांचं उत्तर मला पुन्हा टोचलं. जठराचं रक्षण म्हणजे नक्की काय? आतल्या भिंतीवर एक पातळ, बुळबुळीत थर असतो. त्याच्या एका बाजूला धातू खाणारं आम्ल आणि दुसऱ्या बाजूला, मिलिमीटरभरही अंतर नसताना, जवळजवळ साध्या पाण्याइतकं उदासीन वातावरण. थराखालच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. आपलं पोट आपल्यालाच खात नाही ते या नित्याच्या डागडुजीमुळे. औषध जर तिथे, त्या थरावर काम करत असेल, तर ते तिथे राहायला हवं. रक्तात जे सापडतं ते तर तिथून निघून गेलेलं. घरी कोण राहिलं हे मोजायला आपण स्टेशनवर उभं राहून उतरलेली माणसं मोजतोय की काय, असं मला वाटायला लागलं. वाचताना राग यायचा. एवढ्या सुया, एवढं बर्फ, एवढी घड्याळं, आणि मोजतोय काय, तर निसटलेलं.

या रागाला मी बरेच दिवस जपलं, कारण तो हुशारीचा राग वाटत होता. मग तोही निसटला. १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरने ज्येष्ठमधाच्या अर्काने अल्सरचे रोगी सुधारतात असं लिहिलं, आणि त्याच रोग्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर आणि पायांवर सूज येते हेही लिहिलं. त्यातून पुढे कार्बेनॉक्सोलोन हे औषध आलं, त्याच ग्लिसिरेटिक आम्लाला थोडं वळवून तयार केलेलं. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली. ती घेणाऱ्यांत रिचर्ड डॉल होते, धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवणारे. जठरातले व्रण भरले. पण रक्तदाब चढला, अंगात पाणी साठलं, पोटॅशियम उतरलं. कारण रक्तात गेलेला हा रेणू मूत्रपिंडातल्या एका विकराची वाट अडवतो, आणि त्यामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक नको त्या ठिकाणी जाऊन मीठ धरून ठेवायला लावतं. म्हणजे स्टेशनवर मोजायलाच हवं होतं. उतरलेली माणसं गावात काय करतात ते बघण्यासाठी. ज्यांचं पोट साफ व्हायला वेळ लागतो त्यांच्यात तर हा रेणू जास्त साठतो. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये रोजच्या सेवनासाठी ग्लिसिरायझिनची १०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली ती यामुळेच.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. फायदा भिंतीवर, तोटा रक्तात. दोन्ही खाती वेगळी. पण १९६८ मध्ये डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बेनॉक्सोलोनबरोबर स्पायरोनोलॅक्टोन हे अंगातलं मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध देऊन पाहिलं, सूज येऊ नये म्हणून. सूज थांबली. आणि व्रण भरायचेही थांबले. हा भाग मी तीनदा वाचला. एक बाजू दाबली की दुसरीही बसते. म्हणजे भिंतीवर जे घडत होतं त्याचा रक्तात जे घडत होतं त्याच्याशी काहीतरी संबंध होता, आणि माझी स्टेशनाची उपमा, जिच्यावर मी इतका खूश होतो, ती अर्धीमुर्धीच उरली. मी ती इथे ठेवली आहे, कारण तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

आमच्या रक्ताचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका बाईंशी नंतर ओळख झाली. त्यांनी एकदा यंत्र दाखवलं. मला काहीतरी भव्य अपेक्षित होतं. ते छपाईयंत्रासारखं दिसणारं, घुमणारं करड्या रंगाचं खोकं निघालं. एका बाजूने प्लाझ्माचा स्वच्छ केलेला थेंब आत जातो, नळीतून जाताना त्यातले घटक वेगवेगळे होतात, मग त्यांना विद्युतभार देऊन वजनानुसार निवडतात, फोडतात, आणि फुटलेल्या तुकड्यांचंही वजन बघतात. नेमका तोच रेणू असेल तर तो नेमका तसाच फुटतो. "खरं तर हा तराजूच," त्या म्हणाल्या. मी विचारलं, पहिल्या तासात काय दिसतं? त्यांनी पडद्यावर एक ओळ दाखवली. तिथे आकडा नव्हता. यंत्र ज्याच्याखाली खात्रीने मोजू शकत नाही अशी एक मर्यादा असते. तिच्याखाली असलं की आकड्याऐवजी फक्त 'मर्यादेखाली' अशी खूण पडते आणि हिशोबात सुरुवातीच्या तासांना शून्य धरतात. "पण शून्य असतं का?" "शून्य आहे असं आम्ही म्हणत नाही हो. शून्य धरतो." हा फरक त्यांनी इतक्या सहज सांगितला की मी वहीत लिहून घेतला. दोन वाजता खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल आम्ही घरच्यांनी काय धरलं होतं, ते मग रात्री वही उघडल्यावर डोक्यात आलं.

मग आलेख. आडवी रेघ वेळेची, उभी रक्तातल्या प्रमाणाची. ठिपके जोडले की एक टेकडी होते. टेकडीचं शिखर किती उंच, ते किती वाजता आलं, आणि टेकडीखालची जमीन एकूण किती. या तीन गोष्टींवर सगळं शास्त्र उभं आहे. जमीन मोजायची रीत शाळकरी आहे: दोन ठिपक्यांमध्ये एक समलंब चौकोन कल्पायचा, त्याचं क्षेत्रफळ काढायचं, असे सगळे चौकोन मिळवायचे. ते शिकवताना आमचे गणिताचे सर म्हणायचे, याचा आयुष्यात उपयोग होईल, आणि आम्ही मागच्या बाकावर हसायचो. संगणक नव्हते तेव्हा काही जण याहून सुंदर गोष्ट करायचे. यंत्राने कागदावर काढलेले उंचवटे कात्रीने कापायचे आणि कागदाचे ते तुकडे काट्यावर तोलायचे. जितका कागद जड, तितका पदार्थ जास्त. मला हे फार आवडलं. कुणाच्या तरी रक्तातलं औषध, कागदाच्या टेकडीच्या रूपात, तराजूवर.

बाईंनी नंबरावरून माझी टेकडी शोधली. नाव कुठेच नव्हतं. पहिले काही तास सपाट, मर्यादेखालची खूण. मी पडून कंटाळत होतो, तोंडात ती न जाणारी गोडी होती, ठरलेलं जेवण आलं, शेजारच्या मुलाने त्याच्या परीक्षेबद्दल सांगितलं. त्या सगळ्या वेळात रक्तात जवळजवळ काहीच नाही. गोडी जिभेवर असताना ते रक्तात नव्हतं, आणि गोडी गेल्यावर ते येऊ लागलं. सहाव्या तासानंतर रेघ उचलली. बाराव्या तासाला वर. आणि सगळ्यात उंच ठिपका सोळाव्या तासाचा, मध्यरात्री बाराचा. तो नमुना घेतल्याचं मला अंधूक आठवत होतं. सिस्टर टॉर्च घेऊन आल्या होत्या, दिवा लावला नव्हता, माझा हात पांघरुणातून हळूच बाहेर काढून घेतला होता. गार रेघ, तोंडात ओलं नाणं, आणि मी पुन्हा झोपलो. माझ्या आयुष्यातलं त्या रेणूचं शिखर मी झोपेत ओलांडलं.

त्यापुढे टेकडी नीट उतरत नव्हती. चोवीस तासांनंतर रेघ पुन्हा किंचित वर उठून मग खाली जात होती. मी बोट ठेवून विचारलं, हे चुकलंय का? "नाही, ते परत येतं. यकृत त्याला पित्तात सोडतं, पित्त आतड्यात येतं, जंतू त्याला पुन्हा मोकळं करतात, आणि ते पुन्हा रक्तात. काहींचं असं दोनतीनदा होतं." त्या पुढच्या कामाला लागल्या. मी त्या छोट्या उंचवट्याकडे बघत राहिलो. त्या वेळी मी घरी पोचलेलो होतो, हातावरची पट्टी काढून टाकली होती, आणि सगळं संपलं असं समजत होतो.

बाबांना हे फोनवर सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे जोरात सांगावं लागतं. जंतू तोडतात, मग रक्तात जातं, मध्यरात्री सगळ्यात जास्त असतं. "मध्यरात्री?" ते म्हणाले. "हो. बारा वाजता." पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "माझं दोन वाजता यायचं."

"माहीत आहे बाबा," मी म्हणालो. "मी जागा असायचो."

"तू?" ते म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.